एक नोंद पुसली, तर मागे काय उरते?

शाळेच्या कार्यालयातील लोखंडी कपाटात कापडी पुठ्ठ्याची एक जाडजूड वही असते. तिला आपण जनरल रजिस्टर म्हणतो. मूल शाळेत दाखल झाले की या वहीत त्याला एक क्रमांक मिळतो. त्या क्रमांकापुढील ओळीत त्याचे नाव, आईवडिलांची नावे, जात, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, पूर्वीची शाळा आणि प्रवेशाचा दिनांक नोंदविला जातो. पुढे मूल शाळा सोडून गेले, तरी ती ओळ कोणी खोडत नाही. शेवटच्या रकान्यांत शाळा सोडल्याचा दिनांक, कारण आणि शेरा लिहिला जातो व दाखला दिला जातो. मूल जाते, ओळ राहते.

या ओळीचे मोल आमच्या घरी फार उशिरा कळले. जात प्रमाणपत्राची पडताळणी करून घेताना कुटुंबाचे जुने कागद मागितले जातात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे मानीव दिनांक धरले जातात. त्यापूर्वीचा पुरावा असल्यास त्याला मोठे वजन येते. ज्यांच्या घरी सातबारा नाही, खरेदीखत नाही, त्यांनी असा पुरावा आणावा कोठून? माझे वडील गावच्या प्राथमिक शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी कडा वाळवीने खाल्लेली जुनी वही काढली. तीत आजोबांचे नाव सापडले. ते दुसरीतूनच शाळा सोडून गेले होते आणि कारणाच्या रकान्यात ‘बहुत दिवस गैरहजर’ एवढेच लिहिलेले होते. त्या गैरहजर मुलाच्या एका ओळीच्या आधारावर त्याच्या नातवाला महाविद्यालयात प्रवेश मिळाला.

आज अशा वह्या संगणकात उतरविल्या जात आहेत. हे स्वागतार्हच आहे. कारण कागदाला वाळवी लागते, पाणी लागते, आग लागते. परंतु कागदावरची ओळ पुसायला मेहनत पडते आणि खाडाखोड दिसते. संगणकातील ओळ एका कळीने जाते आणि जागा कोरीदेखील दिसत नाही. शिवाय संगणकातील नोंदवही म्हणजे एक वही नसून एकमेकींत गुंतलेल्या अनेक वह्या असतात. एकीतील ओळ पुसली की दुसरीतील ओळींचे काय करायचे, हे आधीच ठरवावे लागते. या ठरावालाच डेटाबेसच्या भाषेत नोंद पुसण्याचे नियम म्हणतात. या शाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेला आणि पुढे पोटापाण्यासाठी संगणकातील नोंदी सांभाळण्याचे काम करणारा एक माजी विद्यार्थी या नात्याने हा विषय सोप्या शब्दांत मांडण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

१. तक्ते आणि त्यांची नाती

इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत आयबीएम या कंपनीच्या संशोधन विभागात काम करणारे एडगर कॉड यांनी १९७० साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक ओळ तिच्या स्वतःच्या ओळखीने ओळखावी आणि तक्त्यांतील संबंध त्या ओळखीच्या आधारेच दाखवावेत, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. बँका, रेल्वे, रुग्णालये आणि शासकीय कार्यालये यांतील कितीतरी नोंदी आज याच पद्धतीने ठेवल्या जातात. या कार्यासाठी कॉड यांना १९८१ साली संगणकशास्त्रातील मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आपल्या शाळेचेच उदाहरण घेऊ. ‘विद्यार्थी’ हा एक तक्ता. त्यात प्रत्येक मुलाची एकच ओळ असते आणि ती त्याच्या जनरल रजिस्टर क्रमांकाने ओळखली जाते. ज्या रकान्यामुळे ओळ निःसंदिग्धपणे ओळखता येते, त्याला प्रायमरी की म्हणतात. दुसरा तक्ता ‘गुण’ यांचा. त्यात एका मुलाच्या अनेक ओळी असतात: पहिले सत्र मराठी, पहिले सत्र गणित, आणि असेच पुढे. गुणांच्या प्रत्येक ओळीत मुलाचे नाव व पत्ता पुन्हा लिहिण्याची गरज नसते; त्याचा रजिस्टर क्रमांक लिहिला की पुरे. दुसऱ्या तक्त्यातील ओळीकडे बोट दाखविणाऱ्या अशा रकान्याला फॉरेन की म्हणतात.

ज्याच्याकडे बोट दाखविले जाते, त्याला या लेखात मूळ तक्ता म्हणू आणि जो बोट दाखवितो, त्याला आश्रित तक्ता म्हणू. ‘विद्यार्थी’ मूळ, ‘गुण’ आश्रित. एकच तक्ता एका नात्यात मूळ आणि दुसऱ्या नात्यात आश्रितही असू शकतो. प्रत्येक विद्यार्थ्याच्या ओळीत त्याच्या वसतिगृहातील खोलीचा क्रमांक असेल, तर ‘खोली’ हा मूळ तक्ता ठरतो आणि ‘विद्यार्थी’ त्याचा आश्रित. घरातही हेच असते. एकच माणूस कोणाचा मुलगा आणि कोणाचा बाप असतो.

२. पोरकी नोंद

आता समजा, ‘विद्यार्थी’ तक्त्यातून ४१२ क्रमांकाची ओळ कोणी पुसली. ‘गुण’ तक्त्यात मात्र ४१२ क्रमांकाच्या बारा ओळी तशाच राहिल्या. गणितात ७८ गुण, पण कोणाचे? ज्या ओळीकडे बोट दाखवायचे, ती ओळच नाही. अशा ओळीला पोरकी नोंद म्हणतात. पोरक्या नोंदी साचू लागल्या की बेरजा चुकतात, याद्या जुळत नाहीत आणि काही दिवसांनी कोणाचाच कशावर विश्वास उरत नाही. पुढे तोच क्रमांक चुकून दुसऱ्या मुलाला दिला गेला, तर पहिल्याचे गुण दुसऱ्याच्या नावावर चढतात. हा अधिक मोठा अनर्थ होय.

पोरकी नोंद निर्माणच होऊ नये, ही जबाबदारी डेटाबेसकडे सोपविता येते. फॉरेन की जाहीर केली की मूळ तक्त्यात नसलेल्या क्रमांकाची ओळ आश्रित तक्त्यात घालता येत नाही, आणि मूळ ओळ पुसताना आश्रितांचा विचार करावाच लागतो. तक्त्यांमधील नात्यांच्या या खरेपणाला संदर्भ-अखंडता असे म्हणता येईल. डेटाबेसची जी भाषा सर्वत्र वापरली जाते, त्या एसक्यूएलचे पहिले प्रमाणीकरण १९८६ साली झाले. १९८९ च्या आवृत्तीत फॉरेन की आली आणि पुसण्याचे निरनिराळे नियम १९९२ च्या आवृत्तीत आले.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. अनेक शाळांत एक्सेलच्या शीटवर नोंदी ठेवल्या जातात. एका शीटमधील ओळ पुसली तर दुसऱ्या शीटमधील आश्रित ओळींचा विचार एक्सेल स्वतःहून करीत नाही. डेटाबेस वापरला म्हणजे राखण आपोआप होते, असेही समजू नये. मायएसक्यूएल या प्रणालीत मायआयसॅम नावाची जुनी साठवण पद्धत आहे. ती फॉरेन कीचे वाक्य निमूटपणे ऐकून घेते, पण पाळत नाही. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ही तपासणी मुळात बंद असते आणि प्रत्येक जोडणीच्या वेळी ती सुरू करावी लागते. म्हणून नियम कागदावर लिहिला आहे काय, एवढ्यावर न थांबता तो प्रत्यक्षात चालतो काय, हेही तपासून पाहावे.

३. पाच नियम

मूळ ओळ पुसण्याची आज्ञा आली, की आश्रित ओळींच्या बाबतीत डेटाबेस पाचपैकी एका प्रकारे वागू शकतो. कोणत्या नात्याला कोणता प्रकार लावायचा, हे तक्ते उभारताना आपण ठरवायचे असते.

पहिला नियम रिस्ट्रिक्ट, म्हणजे मनाई. एक जरी आश्रित ओळ असली, तरी मूळ ओळ पुसू द्यायची नाही. वसतिगृहाच्या फाटकावरील पहारेकऱ्यासारखा हा नियम आहे. चिठ्ठी नसेल तर तेथल्या तेथे अडवितो.

दुसरा नियम नो ॲक्शन. नावावरून वाटते की हा काहीच करीत नाही आणि पुसू देतो. प्रत्यक्षात हाही अडवितोच. फरक वेळेचा आहे. याची तुलना रात्रीच्या हजेरीशी करता येईल. दिवसभरात मुले आत-बाहेर गेली तरी चालते, पण हजेरीच्या वेळी संख्या जुळली पाहिजे. पोस्टग्रेस्क्यूएलसारख्या काही प्रणालींत ही तपासणी संपूर्ण व्यवहाराच्या शेवटापर्यंत लांबविता येते. दरम्यान आश्रित ओळी दुसरीकडे हलविल्या, तर पुसणे मान्य होते. मायएसक्यूएलच्या आजच्या नेहमीच्या साठवण पद्धतीत, म्हणजे इनोडीबीमध्ये, हे दोन्ही नियम सारखेच वागतात. कोणताच नियम सांगितला नाही, तर प्रमाण एसक्यूएलमध्ये नो ॲक्शन गृहीत धरला जातो. विसराळूपणाच्या वेळी डेटाबेसने अडविण्याची बाजू घ्यावी, ही रचना शहाणपणाची आहे.

तिसरा नियम कॅस्केड. कॅस्केड म्हणजे पायरीपायरीने कोसळणारा धबधबा. मूळ ओळ पुसली की तिच्या सर्व आश्रित ओळी पुसल्या जातात. त्या आश्रितांवर आणखी कोणी आश्रित असतील आणि तेथेही हाच नियम असेल, तर त्याही जातात. पाणी जेथवर उतार आहे, तेथवर वाहत जाते.

चौथा नियम सेट नल. मूळ ओळ जाते, आश्रित ओळ राहते. फक्त तिचा बोट दाखविणारा रकाना रिकामा होतो. वसतिगृहातील जुनी खोली पाडली, तिची ओळ पुसली, तर त्या खोलीतील मुलांच्या ओळींत खोलीचा रकाना रिकामा राहील; मुले मात्र तक्त्यात सुखरूप राहतील. यासाठी तो रकाना रिकामा ठेवण्याची मुभा असावी लागते. ‘हा रकाना भरलाच पाहिजे’ असे आधी बजावून ठेवले असेल, तर पुसणे फसते. शिवाय रिकामा म्हणजे शून्य नव्हे. ‘माहीत नाही’ किंवा ‘लागू नाही’ असा त्याचा अर्थ.

पाचवा नियम सेट डिफॉल्ट. आश्रित ओळीतील रकाना रिकामा न करता त्यात आधी ठरवून ठेवलेले मूल्य घालायचे. उदाहरणार्थ, वर्गशिक्षकाची ओळ गेली तर तुकडी ‘नेमणूक बाकी’ या राखीव ओळीकडे वळवायची. मात्र अशी राखीव ओळ मूळ तक्त्यात अगोदर असली पाहिजे. नाहीतर एक पोरकेपण टाळताना दुसरे ओढवेल आणि डेटाबेस ते होऊ देणार नाही. सर्वच प्रणाली हा नियम चालवीत नाहीत. इनोडीबी तो स्वीकारतच नाही.

४. ५६१ ओळींची गोष्ट

या पाचांपैकी सर्वांत सोयीचा वाटणारा आणि सर्वांत धोक्याचा नियम कॅस्केड होय. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये दोन तक्त्यांचे नाते जोडताना त्यासाठी एक छोटा चौकोन असतो. त्यात खूण केली की काम झाले. पुढे कधी ‘ही नोंद पुसता येत नाही’ असा त्रासदायक संदेश येत नाही, म्हणून घाईत काम करणारा माणूस सर्वच नात्यांना ती खूण करून टाकतो. त्याचे काय होऊ शकते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू.

एका शाळेत ‘तुकडी’, ‘विद्यार्थी’, ‘गुण’ आणि ‘दाखले’ असे चार तक्ते आहेत. विद्यार्थी तुकडीवर आश्रित, गुण व दाखले विद्यार्थ्यावर आश्रित. आणि सर्व नात्यांना कॅस्केड. कार्यालयात नवीन लिपिक आले. पडद्यावर तुकड्यांची यादी फार लांबली होती. दहा वर्षांपूर्वी बंद झालेली ‘दहावी ब’ अजून त्या यादीत दिसत होती. यादी आटोपशीर व्हावी, या चांगल्याच हेतूने त्यांनी ती एक ओळ पुसली.

आता हिशेब करू. तुकडीची ओळ १. त्या तुकडीत ४० मुले होती, म्हणून विद्यार्थ्यांच्या ओळी ४०. प्रत्येक मुलाचे सहा विषय आणि दोन सत्रे, म्हणून गुणांच्या ओळी ४० गुणिले १२, म्हणजे ४८०. प्रत्येकाला एक दाखला दिलेला, म्हणून दाखल्यांच्या ओळी ४०. एकूण ५६१. पोस्टग्रेस्क्यूएलसारखी प्रणाली असेल, तर एवढे सगळे झाल्यावर पडद्यावर ‘डिलीट १’ असेच उत्तर येते. कारण ती थेट पुसलेल्या ओळी मोजते, धबधब्यात वाहून गेलेल्या मोजत नाही. लिपिकांना वाटते, एक ओळ गेली. त्याच दिवशी काही बिघडल्याचे कोणाला कळत नाही. कळते ते कित्येक वर्षांनी, त्या चाळीसांपैकी एखादी मुलगी दाखल्याची दुसरी प्रत मागायला येते तेव्हा. तोवर ज्या बॅकअपमध्ये ती ओळ होती, त्यावर नवे बॅकअप चढलेले असतात.

या घटनेत लिपिकांकडे बोट दाखविणे सोपे आहे. पण त्यांच्या हातून झाले ते त्यांना ठाऊकच नव्हते. चूक झाली ती तक्ते जोडले गेले त्या दिवशी. तुकडी आणि विद्यार्थी यांचे नाते कोणत्या प्रकारचे आहे, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही.

५. कोणत्या नात्याला कोणता नियम?

तो प्रश्न असा विचारावा: मूळ ओळ गेल्यावर आश्रित ओळीला स्वतःचा काही अर्थ उरतो काय? याची तीन उत्तरे संभवतात.

आश्रित ओळ मूळ ओळीचाच एक अवयव असेल, तर कॅस्केड योग्य. भोजनालयाचा आठवड्याचा तक्ता आणि त्यातील वारांनुसार पदार्थ पाहा. आठवड्याचा तक्ताच रद्द झाला, तर ‘मंगळवार, पिठले-भाकरी’ या सुट्या ओळीला काय अर्थ? ती सोबत गेलेलीच बरी. अर्धवट भरून सोडून दिलेला प्रवेश अर्ज आणि त्यासोबतच्या कागदांची यादी, हेही असेच नाते.

आश्रित ओळ स्वतंत्र अस्तित्वाची असेल आणि मूळ ओळीशी तिचा संबंध केवळ नेमणुकीचा, जागेचा किंवा सोयीचा असेल, तर सेट नल किंवा सेट डिफॉल्ट. मूल आणि खोली, तुकडी आणि वर्गशिक्षक, ही अशी नाती. खोली बदलली म्हणून मूल बदलत नाही. मात्र रकाना रिकामा झाला की पूर्वी तेथे काय होते, हे कायमचे विसरले जाते. कोणते मूल कोणत्या वर्षी कोणत्या खोलीत होते, हे पुढे हवे असेल, तर वास्तव्याचा वेगळा तक्ता ठेवून त्यात दिनांकासह नोंद करावी.

आश्रित ओळ पुरावा असेल, तर मनाई. गुण, दाखले, फीच्या पावत्या, शिष्यवृत्तीचे वाटप या ओळी कोणाच्या तरी हक्काचा किंवा कोणाच्या तरी जबाबदारीचा पुरावा आहेत. त्या ज्याच्यावर आश्रित आहेत, ती विद्यार्थ्याची ओळ पुसता येणार नाही, असाच नियम हवा. तुकडी आणि विद्यार्थी या नात्यालाही मनाईच हवी होती. तुकडी पुसण्याची आज्ञा मिळताच डेटाबेसने ‘या तुकडीत ४० विद्यार्थी आहेत, पुसता येणार नाही’ या अर्थाचा संदेश दिला असता. तो संदेश त्रासदायक वाटला असता खरा. पण ५६१ ओळी वाचल्या असत्या.

नियम साखळीने काम करतात, हेही ध्यानात ठेवावे. वरच्या नात्याला कॅस्केड आणि त्याखालच्या नात्याला रिस्ट्रिक्ट असेल, तर धबधबा खालच्या बांधावर अडतो आणि संपूर्ण आज्ञाच रद्द होते; अर्धे पुसले आणि अर्धे राहिले, असे होत नाही. त्यामुळे साखळीत योग्य ठिकाणी घातलेला मनाईचा एक बांध वरच्या अनेक चुका झेलतो.

६. न पुसता खारीज करणे

मग शाळा सोडून गेलेल्या मुलाच्या ओळीचे करायचे काय? याचे उत्तर आपल्या जुन्या वहीने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. ओळ ठेवायची आणि शेरा लिहायचा. संगणकातही ‘विद्यार्थी’ तक्त्यात ‘स्थिती’ आणि ‘शाळा सोडल्याचा दिनांक’ असे दोन रकाने ठेवावेत. मूल गेले की स्थिती ‘शिकत आहे’ ऐवजी ‘शाळा सोडली’ अशी करावी. संगणकाच्या क्षेत्रात याला सॉफ्ट डिलीट म्हणतात.

या पद्धतीला एक किंमत मोजावी लागते. ओळ तक्त्यात असल्यामुळे प्रत्येक यादी काढताना ‘फक्त शिकत असलेले’ अशी अट घालावी लागते. ती अट विसरली, तर भोजनालयाच्या हिशेबात गेल्या वर्षी निघून गेलेली मुलेही जेवायला बसतात. शिवाय येथे ओळ प्रत्यक्षात पुसली जात नसल्याने वरचे पाच नियम चालत नाहीत. मुलाने खोली सोडली, ग्रंथालयाची पुस्तके परत केली, हे वेगळे पाहावे लागते. तरीही पुराव्याच्या नोंदींसाठी हीच पद्धत योग्य आहे, असे अनुभवाने म्हणावेसे वाटते.

दुरुस्तीच्या बाबतीतही जुनी शिस्त सोडू नये. जनरल रजिस्टरमधील नाव, जात वा जन्मतारीख बदलायची, तर शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. संगणकातही जुने मूल्य, नवे मूल्य, बदलणाऱ्याचे नाव, दिनांक आणि परवानगीचा क्रमांक हे वेगळ्या तक्त्यात नोंदले गेले पाहिजे.

७. पुसणे हेही कधी कर्तव्य असते

याचा अर्थ सर्व काही कायम साठवून ठेवावे, असा नाही. मुलाच्या आजारपणाची टिपणे, पालकांचे जुने दूरध्वनी क्रमांक, ओळखपत्रांच्या प्रती, छायाचित्रे ही माहिती विशिष्ट कामापुरती घेतलेली असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाची भूमिकाही हीच आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले आणि ती ठेवणे कायद्याने आवश्यक नसेल, तर ती पुसावी. मूल आजारी असताना डॉक्टरांनी लिहिलेली चार वाक्ये वीस वर्षांनी कोणा परक्याच्या हाती पडावीत, यात त्याचे हित नाही.

म्हणून कायमची माहिती आणि कामापुरती माहिती एकाच ओळीत कोंबू नये. रजिस्टरची ओळ एका तक्त्यात आणि संपर्क व आरोग्याची माहिती वेगळ्या तक्त्यांत ठेवली, तर दुसरी पुसताना पहिलीला धक्का लागत नाही. तक्ते नीट वेगळे केले की विस्मरण आणि स्मरण दोन्ही आपल्या ताब्यात राहतात.

८. कार्यालयासाठी रीत आणि वाचकांसाठी स्वाध्याय

प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी चार गोष्टी. एक, प्रत्येक नात्याचा नियम आणि त्यामागचे कारण एका कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या सहीने फाइलला लावावे. दोन, काहीही पुसण्यापूर्वी त्या ओळीवर किती ओळी आश्रित आहेत, हे मोजून पाहावे. तीन, पुसण्याचे काम व्यवहारात बांधून करावे, म्हणजे परिणाम पाहून मगच ते पक्के करता येते किंवा मागे घेता येते. शक्य तर आधी प्रतीवर करून पाहावे. चार, बॅकअप शाळेबाहेर एका ठिकाणी ठेवावा आणि वर्षातून एकदा तो उघडून वाचता येतो की नाही, ते पाहावे.

आता वाचकांनी पुढील चार नात्यांना नियम सुचवून पाहावेत. (१) ग्रंथालयातील पुस्तक आणि त्याची देवघेव. (२) देणगीदार आणि देणगीच्या पावत्या. (३) सहल, सहलीची नावनोंदणी आणि नावनोंदणीपोटी घेतलेले पैसे. (४) ‘विद्यार्थी’ तक्त्यातच एक रकाना आहे, त्यात शाळेत शिकणाऱ्या मोठ्या भावंडाचा रजिस्टर क्रमांक लिहितात. म्हणजे तक्ता स्वतःवरच आश्रित आहे.

माझी उत्तरे अशी. (१) मनाई, फाटलेल्या पुस्तकाची ओळ न पुसता त्याची स्थिती ‘बाद’ करावी, कारण देवघेवीच्या नोंदी हिशेबाचा भाग आहेत. (२) मनाई, हिशेब तपासनिसांपुढे पावतीमागचा देणगीदार दाखवावाच लागतो. (३) सहल आणि नावनोंदणी यांना कॅस्केड चालेल; पण नावनोंदणी आणि पैसे यांना मनाई हवी. मग पैसे घेतलेली सहल पुसू पाहिली, तर आज्ञा अडेल आणि आधी पैसे परत करून त्याचा हिशेब लावण्याची आठवण होईल. (४) सेट नल. येथे चुकून कॅस्केड लावला, तर थोरल्या बहिणीची ओळ पुसताच धाकट्या भावाचीही पुसली जाईल.

चौथ्या प्रश्नाशी माझे मन अधिक रेंगाळते. वसतिगृहात आमच्यापैकी अनेक जण घरातील शाळेत जाणारे पहिलेच होते. आमच्यामागून धाकटी भावंडे आली, पुढे आमची मुले आली, आणि प्रत्येकाच्या कागदपत्रांत मागच्याचा क्रमांक येत गेला. गावच्या शाळेतील त्या वहीत आजोबा ‘बहुत दिवस गैरहजर’ होते. कोणा व्यवस्थित माणसाने हा मुलगा आता येत नाही, याची ओळ कशाला ठेवायची, असा विचार केला असता, तर तो त्या दिवसापुरता बिनचूकच ठरला असता. त्या ओळीवर पुढे कोण आश्रित होणार आहे, हे त्याला दिसणे शक्यच नव्हते.

आपल्या शाळेच्या नोंदी संगणकात जात असताना माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी एवढे करावे: सवडीने कार्यालयात यावे, आपला रजिस्टर क्रमांक सांगून वहीतील ओळ आणि संगणकातील ओळ शेजारी शेजारी ठेवून वाचून पाहावी, आणि फरक दिसल्यास लेखी कळवावे. ज्यांना संगणकाचे काम येते, त्यांनी एखादी सुट्टी या कामाला द्यावी. वही आणि संगणक जुळेपर्यंत ते लोखंडी कपाट मात्र कोणी हलवू नये.